आधी दुधीची एक फोड चाखा

दोन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला आमच्याकडे सोन्याऐवजी ज्यूसर आला. कोल्ड प्रेस, म्हणजे न तापवता हळूहळू पिळून रस काढणारा. सोळा हजारांचा. ओट्यावर ठेवला तेव्हा मिक्सर, ओव्हन आणि गॅस यांनी सरकून बसावं लागलं.

त्याआधी महिनाभर नवऱ्याचा एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी, ६.१ आला होता. ६.५ ला मधुमेह म्हणतात, ५.७ च्या पुढे उंबरठा. म्हणजे हा उंबरठ्यावर पाय ठेवून उभा. डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या: चाला, वजन उतरवा, भात कमी करा. तिन्हीतली फक्त पहिली ऐकली गेली, कारण पुण्यातल्या तळजाई टेकडीवर मित्र भेटतात. आणि टेकडी उतरली की खाली रसाच्या गाड्या असतात. स्टीलची पिंपं, वर खडूने लिहिलेल्या पाट्या: दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर, कोरफड, आणि सगळ्यात लोकप्रिय 'मिक्स'. चालणारा माणूस तो हिरवा ग्लास नाक मुरडत एका घोटात संपवतो आणि नंतर जे समाधान चेहऱ्यावर येतं, ते पाहून मला गंगेत बुडी मारून वर आलेले लोक आठवतात. पाप धुतलं. आता वडापाव चालतो.

गाडीवरचं बंद करायचं म्हणून मशीन आणलं. हट्ट माझा होता, कबूल आहे.

पहिले पंधरा दिवस उत्सवाचे. रोज अर्धा किलो गाजर, दोन बीट, मूठभर पालक, आलं. अर्धा किलो गाजराचा रस निघतो जेमतेम ग्लासभर, आणि मशीनच्या दुसऱ्या तोंडातून पडतो चोथा. कोरडा, केशरी, डोंगराएवढा. तो मी ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकत होते. सासूबाई तीन दिवस गप्प बसल्या. चौथ्या दिवशी बादलीत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, भाजी कचऱ्यात टाकतेस आणि तिचं पाणी त्याला पाजतेस?"

मी त्यांना एन्झाइम वगैरे समजावून सांगितलं. व्हिडिओत बघितलेलं सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी बादली रिकामी. चोथ्यात भाजणी, तीळ, ओवा, हिरवी मिरची घालून थालीपिठं थापली होती आणि वर लोण्याचा गोळा. नवऱ्याने रस तसाच ठेवून आधी ती खाल्ली.

आता सांगते, बाई बरोबर होत्या. उंबरठ्यावरच्या माणसाला भाजीतली जी गोष्ट सर्वांत जास्त हवी असते, ती म्हणजे तंतू. जेवणातली साखर रक्तात हळू हळू जावी, पोट भरल्यासारखं वाटावं, सकाळी पोट साफ व्हावं, ही कामं तंतूंची. रस काढला की तेच बाहेर पडतात. ग्लासात उरतं पाणी, क्षार, काही जीवनसत्त्वं, रंग आणि गाजर-बिटातली साखर. ज्या बिटापासून युरोपात पोत्यांनी साखर काढतात, त्याचंच आपलं बीट हे भावंड. वर गाजरातलं बीटा कॅरोटीन (ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व बनतं) अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतो; तो थालीपिठावरच्या लोण्यात होता, ग्लासात नव्हता.

मग रस काढूच नये का? तसं मी म्हणत नाही. मला स्वतःला आवडतो. फक्त तो जेवणाच्या जागी येत नाही, औषधाच्या जागी येतो. आमच्या मजल्यावर एक वैद्य राहतात, त्यांना एकदा विचारलं तर त्या हसल्याच. म्हणाल्या, आयुर्वेदात औषध करायचे पाच प्रकार सांगितलेत, स्वरस, कल्क (वाटून केलेला गोळा), काढा, हिम (थंड पाण्यात भिजवून) आणि फांट (गरम पाण्यात भिजवून). त्यात स्वरस, म्हणजे ताजा पिळून काढलेला रस, पचायला सगळ्यात जड. म्हणून शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे औषधं बनवण्याच्या जुन्या ग्रंथात, त्याची मात्राच अर्धा पल दिली आहे. आजच्या हिशेबात साधारण २४ मिली. आपण तिथे अडीचशे मिलीचा ग्लास भरतो, आणि वर म्हणतो, आपल्या ऋषिमुनींनी सांगितलंय.

तेव्हापासून आमच्याकडे रस वाटीत येतो. आमटीच्या वाटीत. इतका बारीक फरक, पण त्याने सगळं बदललं. अर्धा किलो गाजराऐवजी एक गाजर पुरतं, मशीन धुवायचा कंटाळा आला तर मिक्सर आणि जुन्या मलमलच्या ओढणीचं फडकं चालतं. (हो, 'मिक्सरने सगळी सत्त्वं मरतात' हेही मी सोळा हजार देण्याआधी मनापासून मानत होते. काढून लगेच पिणार असाल तर अर्ध्या मिनिटाच्या मिक्सरने काही बुडत नाही. फ्रिजमध्ये बाटल्या भरून ठेवणं जास्त वाईट.)

बिटाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्याच्या मागे खरंच काहीतरी आहे. २००८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी निरोगी लोकांना अर्धा लिटर बिटाचा रस पाजून रक्तदाब मोजला, तो तीनेक तासांत वरच्या आकड्याला दहाच्या आसपास उतरला. कारण बिटातलं नायट्रेट. पण गंमत अशी, त्या नायट्रेटचं पुढचं रूपांतर आधी आपल्या जिभेवरचे जिवाणू करतात. म्हणजे सकाळी जंतुनाशक माउथवॉशने खळखळून चुळा भरायच्या आणि मग बिटाचा रस घ्यायचा, यात अर्धी मेहनत बेसिनमध्ये गेली. आणि बीट घेतल्यावर लघवी लाल झाली तर घाबरू नका. आमच्याकडे पहाटे साडेपाचला बाथरूममधून आलेली हाक अजून माझ्या कानात आहे. ज्यांची बीपीची गोळी चालू आहे त्यांनी मात्र विचारून घ्यावं.

पालक मी रसातून काढून टाकला. कच्च्या पालकात ऑक्झलेट भरपूर असतं, ज्यापासून मुतखडे बनू शकतात. भाजीत खाताना आपण खाऊन खाऊन किती खाणार, आणि पाणी काढून टाकलं तर तेही कमी होतं. रसात एक अख्खी जुडी दोन घोटांत पोटात जाते. रोज. मुतखडा झालेल्या माणसाने हे करणं म्हणजे दगडाला खत घालणं. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी पालेभाजीचं प्रमाण अचानक वाढवायचं नसतं, त्यातलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. किडनीच्या पेशंटचा प्रश्न रसातल्या पोटॅशियमचा, त्यांच्या किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही. कारल्याच्या रसाने साखर उतरू शकते, म्हणूनच गोळीवर असताना तो आपल्या मनाने सुरू करू नये. आणि 'डिटॉक्स' हा शब्द माझ्या स्वयंपाकघरात बंद आहे. यकृत आणि मूत्रपिंड ते काम पगार न घेता करतात.

पावसाळ्यात पालेभाज्यांचा कच्चा रस आम्ही काढत नाही. मातीचं पाणी पानांच्या बेचक्यात बसतं, कितीही धुतलं तरी मन मानत नाही. त्या चार महिन्यांत टोमॅटोचं सार, शेवग्याच्या पाल्याचं कढण. गरम, उकळलेलं.

पण ही सगळी पोस्ट मी खरं तर दुधीसाठी लिहायला घेतली.

दुधी, काकडी, दोडका या वेलवर्गातल्या भाज्यांत कुकुर्बिटासिन नावाचं कडू विष तयार होऊ शकतं. बाजारातल्या दुधीत ते नसल्यासारखंच असतं, पण एखाद्या वेलाला, एखाद्या फळाला ते चढतं, आणि बाहेरून काही कळत नाही. (मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा आणि आपला दुधी एकाच जातीचे, हे कळल्यावर मला नवल वाटलं होतं. एकाच घरातला एक कडू, एक गोड.) उकळून ते जात नाही. त्यावर उतारा नाही. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या पत्नीने नेहमीप्रमाणे दुधी-कारल्याचा रस घेतला. त्या वाचल्या, ते गेले. मग आयसीएमआरने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेने, तज्ज्ञांची समिती नेमली. तिचं म्हणणं सरळ होतं: रस काढण्याआधी दुधीची फोड चाखा, कडू लागली तर टाका, दुसऱ्या रसात मिसळू नका, आणि पिऊन उलट्या-जुलाब, मळमळ सुरू झाली तर तडक दवाखाना गाठा. तरी २०१८ च्या जूनमध्ये आपल्या पुण्यातच व्यायामानंतर दुधीचा रस घेतलेल्या एक बाई गेल्या.

आता ती गाडीवरची 'मिक्स' पाटी आठवा. दुधीत कारलं. कारलं कडूच असणार, तुपात तळलं साखरेत घोळलं तरी. त्या कडूमध्ये दुधीचा कडू कोण ओळखणार? आणि भाजी असती तर पहिल्या घासाला ताट सरकवलं असतं. रस आपण श्वास रोखून पितो. शिवाय डोक्यात पक्कं बसलेलं असतं, कडू म्हणजे गुणकारी. मी एका गाडीवाल्याला विचारलं, दुधी चाखून घेता का? तो बिचारा खरं बोलला. "ताई, पहाटे चारला वीस किलो किसतो. कुठे कुठे चाखू?"

घरी रस काढायचा तो माझ्या मते यासाठी. ताजेपणा, सत्त्व, कोल्ड प्रेस, सगळं नंतर. घरी एक दुधी असतो आणि एक जीभ असते.

दीड वर्षात आमच्याकडे एकदाच झालं. मागच्या मे महिन्यातली गोष्ट. कोवळा, तुकतुकीत, नख लावलं तर रुतेल असा दुधी. सवयीने देठाकडची चकती कापून जिभेला लावली आणि सिंककडे धावले. कडूजहर. चूळ भरली तरी दहा मिनिटं जिभेवरून जाईना. नवरा म्हणाला, देठाकडचा असेल, मधला बघू. सासूबाईंनी त्याच्या हातातून सुरी काढून घेतली.

तो दुधी मी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना नेऊन दाखवला. पैशांसाठी नाही, म्हटलं त्याच वेलाचे अजून असतील. त्यांनी काही न बोलता चकतीचा कण जिभेवर ठेवला, थुंकल्या, आणि टोपलीतले उरलेले पाचही दुधी विळीवर घेऊन एकेकाचं टोक कापून चाखायला बसल्या. समोर चार गिऱ्हाइकं उभी. दोन निघाले कडू. ते बाजूला फेकले आणि तिसऱ्याची कापलेली बाजू माझ्याकडे करून म्हणाल्या, "ह्यो गोड हाय, घ्या. पर घरी गेल्यावर तुमी परत चाखा."