वकीलपत्र कुणाचंही घ्या

अमेरिकेत उजव्या विचारांचा वकील म्हणून नाव काढून पुढे सिनेटमध्ये जाऊन बसायचं तुमच्या मनात असेल, तर पहिली दिलाशाची गोष्ट ही, की त्यासाठी अमेरिकेत जन्मलंच पाहिजे असं नाही. टेक्सासचे रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ 1970 साली कॅनडातल्या कॅलगरीत जन्मले. आई अमेरिकन, वडील क्यूबाचे. अमेरिकी संविधान कोळून प्यायलेला हा माणूस, पण आपण कॅनडाचेही नागरिक आहोत याचा पत्ता त्यांना चाळिशी उलटेपर्यंत नव्हता म्हणे. 2014 मध्ये त्यांनी ते नागरिकत्व सोडून दिलं. तेव्हा संविधान वाचाच, पण अधूनमधून स्वतःच्या जन्मदाखल्यावरही नजर टाका.

शिक्षणात कसूर नको. आधी प्रिन्स्टन, तिथे वादविवादाची बक्षिसं; मग हार्वर्डमधून कायद्याची पदवी; मग सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांच्या हाताखाली उमेदवारी. एवढं पदरात पडलं की उरलेलं आयुष्य उच्चभ्रूंच्या नावाने बोटं मोडण्यात घालवायचं. पायात काउबॉय बूट असले की हार्वर्ड कुणाला दिसत नाही.

वकिली मात्र खरीखुरी शिका, यात थट्टा नाही. क्रूझ 2003 ते 2008 टेक्सासचे सॉलिसिटर जनरल, म्हणजे वरच्या न्यायालयांत राज्याची बाजू मांडणारे सरकारी वकील होते. मेक्सिकोच्या एका नागरिकाला टेक्सासने फाशीची शिक्षा दिली होती आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फेरविचार करायला सांगितलं होतं. राष्ट्राध्यक्ष बुश यांनीही टेक्सासला तसंच बजावलं. ज्या बुश यांच्या 2000 च्या प्रचारात आणि फ्लोरिडाच्या मतमोजणीच्या लढाईत क्रूझ राबले होते, त्यांच्याच सरकारविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले आणि 2008 मध्ये जिंकले. जुन्या मालकाची भीड न बाळगणं हा गुण तुमच्यात तेव्हाच दिसला पाहिजे. त्याचं पुढे काय करायचं, ते नंतर ठरवता येतं.

सिनेटमध्ये पोचलात की बोला. भरपूर बोला. सप्टेंबर 2013 मध्ये ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याविरुद्ध क्रूझ सलग 21 तास उभे होते. मध्येच घरच्या दोन लेकींसाठी झोपायच्या वेळची बालकविताही वाचून झाली. कायदा जागचा हलला नाही. आठवडाभरात त्याच वादापायी सरकारी कारभार मात्र 16 दिवस बंद पडला. स्वपक्षीयांनी कपाळावर हात मारला, आणि क्रूझ देशभर घरोघरी पोचले. सहकाऱ्यांच्या प्रेमावर वेळ दवडू नका. पक्षाचेच माजी सभापती बेनर यांनी क्रूझना 'देहधारी सैतान' म्हटलं होतं. सैतान का होईना, नाव तर झालं.

आता मुख्य धडा, जरा सावरून बसा. 2016 मध्ये पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत डोनाल्ड ट्रम्प यांनी क्रूझच्या पत्नीच्या रूपाची टवाळी करणारं चित्र पसरवलं. मग त्यांच्या वडिलांचा संबंध थेट केनेडींच्या मारेकऱ्याशी जोडला. अशा वेळी तुम्ही संतापायचं. क्रूझनी ट्रम्पना अट्टल खोटारडा म्हटलं, जुलैत पक्षाच्या क्लीव्हलंडच्या अधिवेशनात पाठिंबा न देता भाषण करून हुर्यो अंगावर घेतली, आणि दुसऱ्या दिवशी बजावलं की माझ्या बायकोवर आणि वडिलांवर चिखल उडवणाऱ्यांना पाठिंबा देण्याची मला सवय नाही. सवय लागायला दोन महिने पुरले. सप्टेंबरमध्ये पाठिंबा जाहीर झाला. डिसेंबर 2020 मध्ये तर ट्रम्प यांच्या बाजूने निवडणुकीचा निकाल फिरवायला निघालेल्या टेक्सासच्या दाव्यात, सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद करायलाही ते तयार झाले. न्यायालयाने दावा दारातूनच परत पाठवला, ही अशिलाची दुर्दैवं. वकिलाने वाईट वाटून घ्यायचं नसतं.

ट्रम्प समर्थकांनी 6 जानेवारी 2021 ला अमेरिकी संसदेवर केलेल्या हल्ल्याला चुकून 'दहशतवादी' म्हटलंत, तर दुसऱ्या दिवशी टीव्हीवर जाऊन शब्द मागे घ्या. 2022 मध्ये क्रूझनी हेच केलं.

हवामानाचंही भान असू द्या. 2020 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाची वीज गेली, तेव्हा साधी वीजही टिकवता येत नाही म्हणून क्रूझनी त्या राज्याची खिल्ली उडवली. सहा महिन्यांत, फेब्रुवारी 2021 मध्ये, टेक्सासच गोठलं. लाखो घरं अंधारात, सरकारी मोजणीने 246 बळी. सिनेटरसाहेब सहकुटुंब मेक्सिकोच्या कॅनकूनला. विमानातले फोटो फुटले, तेव्हा आधी मुलींनी हट्ट धरला होता असं सांगून पाहिलं, मग चूक कबूल केली. म्हणून म्हणतो, मुलं असावीत, निदान दोन. कुत्रा मात्र घरी एकटा ठेवायचा असेल तर खिडकीपासून लांब ठेवा. पत्रकार तिथेही येतात, क्रूझच्या घरी आलेच होते.

आणि पैशाचं. 2018 च्या मतदानाच्या आदल्या दिवशी क्रूझनी स्वतःच्याच प्रचाराला 2,60,000 डॉलर उसने दिले. निवडणुकीनंतरच्या देणग्यांतून उमेदवाराचं असं कर्ज फेडायला कायद्याने 2,50,000 ची मर्यादा होती. वरचे दहा हजार बुडाले. बुडाले म्हणजे मुद्दाम बुडू दिले, कारण नुकसान दाखवल्याशिवाय कायद्याला आव्हान देता येत नाही. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी ती मर्यादा मोडीत काढली. आता जिंकून आलेल्या उमेदवाराने प्रचाराला दिलेलं कितीही मोठं कर्ज नंतर देणगीदार फेडू शकतात, म्हणजे पैसा सरळ उमेदवाराच्या खिशात. दहा हजारांत एवढं काम कुठला वकील करून देतो? तेव्हा स्वतःला उसने द्यायला थोडी रक्कम आतापासूनच बाजूला टाकत चला.