शेजारच्याचा आवाज ऐकू यायला हवा

जूनमधल्या एका रविवारी आमच्या चर्चच्या उपासनेत दुसरं गीत चालू असताना लाईट गेली. वास्कोत पावसाळ्यात हे नवीन नाही. पण पडद्यावरचे शब्द गेले, कीबोर्ड बंद पडला, माईकवर गाणाऱ्या चौघांचा आवाज एकदम बारीक झाला, आणि भरलेल्या हॉलमध्ये पुढचं कडवं कुणाला येईना. गीत लहानपणापासूनचं! फक्त शेवटच्या बाकावरून एका मावशींचा आवाज येत राहिला. सूर थोडा उतरलेला, पण शब्द एकही चुकला नाही. मावशींना वाचता येत नाही. मिरजेहून लग्न होऊन इथं आल्या, तेव्हापासून गाणी तोंडपाठ. त्यांच्या मागोमाग ओळीचा शेवटचा शब्द धरत धरत आम्ही सगळे गायला लागलो.

मंडळीनं गायचं कशासाठी? देवाच्या स्तुतीसाठी, हे तर झालंच. पण बायबलमध्ये प्रेषित पौलानं कलस्सै इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात (कलस्सैकरांस 3:16) स्तोत्रं आणि गीतं गाऊन एकमेकांना शिकवा, बोध करा असंही सांगितलंय. एकमेकांना. म्हणजे माझं गाणं देवासाठी आहे तसंच शेजारी बसलेल्यासाठीही आहे. ज्याची नोकरी या आठवड्यात गेली, त्याला प्रभू सोडत नाही हे माझ्या तोंडून ऐकू यायला हवं. आणि ज्या दिवशी माझाच धीर सुटलेला असेल, त्या दिवशी मला त्याच्या तोंडून. स्पीकर इतके मोठे की स्वतःचाच आवाज स्वतःला कळत नाही, तिथं हे कसं व्हायचं? आपण चांगलं गाणं ऐकून घरी येतो, एवढंच.

गोव्यात हे ओळखलेला माणूस चारशे वर्षांपूर्वी होऊन गेला. फादर स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे, 1579 साली इथं आले. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती, त्या जागी काही नव्हतं. फादरनी येशूची कथा सांगणारं क्रिस्तपुराण लिहिलं ते मराठी ओवीत, 1616 साली ते राचोलला छापलं गेलं. लोकांच्या कानात जी चाल आधीच बसलेली होती, तीच घेतली. (याच गोव्यात 1736 च्या फर्मानानं इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, लग्नातल्या ओव्यांवर बंदी घातली. मला त्याचं आजही वाईट वाटतं.) पुढे 1895 साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-भजनं उपासनेत आणली, तीही सगळ्यांनी मिळून म्हणता येतील अशी. कॅथलिक बंधूंकडे तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (जगभरच्या बिशपांच्या सभेनं) 1963 मध्ये स्पष्टच म्हटलं की लोकांनी नुसतं बघत बसू नये, उपासनेत भाग घ्यावा.

गिटारला, कीबोर्डला माझा विरोध नाही. आमची पोरं शनिवारी रात्री उशिरापर्यंत सराव करतात, मनापासून करतात. पण माईकचं काम सूर देऊन बाजूला होणं. पाळकसाहेबांना मी विचारलंय, महिन्यातून एक रविवार पडदा बंद ठेवूया का? पेटी आणि तबला पुरे. वर्षभरात बारा गाणी पूर्ण पाठ करूया, शेवटच्या कडव्यापर्यंत. आजारी माणसाच्या खाटेशी उभं राहिल्यावर पाठ असलेलंच तोंडात येतं, तिथं पडदा नसतो.

ते "बघू" म्हणाले आहेत. तोवर या रविवारी मी मावशींच्या शेजारी बसणार आहे. त्या गीताचं तिसरं कडवं मला त्यांच्याकडून शिकायचंय.