वळिवडेचा अभिमान आणि मेक्सिकोतली मालगाडी

वळिवडेच्या पोलिश कॅम्पचा विषय निघाला की आपण कोल्हापूरकर कॉलर टाईट करून सांगतो, आणि सांगावंच की. दुसऱ्या महायुद्धात स्टॅलिननं सैबेरियाकडं हाकललेली पोलंडची बायकापोरं इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि त्यातली जवळपास ५००० माणसं १९४३ ते १९४८ आपल्या वळिवड्यात राहिली. महावीर गार्डनला स्मारक आहे, वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ ला पंतप्रधान तिथं जाऊन आले तेव्हा निम्म्या कोल्हापूरच्या स्टेटसला तेच होतं. पण ती माणसं इथं कायमची राहायला आलीच नव्हती राव. युद्ध संपल्यावर कोण इंग्लंडला गेलं, कोण ऑस्ट्रेलियाला. कोल्हापूर त्यांचा वाटेतला मुक्काम होता, आणि मुक्कामाला आहेत म्हणून आपण त्यांची शाळा, दवाखाना, चर्च बंद ठेवलं नाही. (त्याच कॅम्पात नंतर फाळणीतले सिंधी आले आणि गांधीनगर झालं, जिथं आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो.)

हे सांगायचं कारण, ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला उतरलं तेव्हा आपल्याच ग्रुपवर काय काय लिहिलं गेलं ते मी वाचलंय. ‘कशाला गेलते डंकी मारायला’ (डंकी म्हणजे चोरवाटेनं परदेशात घुसणं), ‘बरं झालं’. बरं, गेले ते चूक म्हणा, एजंटानं लाखो रुपये उकळले त्यात यांचाही लोभ होता म्हणा, पण पनामाचं जंगल, ग्वाटेमाला, मेक्सिको या वाटेवर त्यांच्यासोबत जे होतं त्याबद्दल कुणालाच काही विचारावंसं वाटत नाही.

मेक्सिकोचंच घ्या. ऑगस्ट २०१० मधे सॅन फर्नांडो नावाच्या गावाजवळ ७२ स्थलांतरितांना एका टोळीनं मारून टाकलं, बहुतेक मध्य अमेरिकेतले, अमेरिकेला निघालेले. टोळ्या यांनाच का धरतात? कारण यांच्या अंगावर प्रवासाचे पैसे असतात, तिकडं अमेरिकेत कुणीतरी नातेवाईक असतो जो खंडणी पाठवेल, आणि मेन म्हंजे हा माणूस पोलिसात जात नाही. गेला तर आधी कागद मागणार, कागद नाहीत म्हणून आत टाकणार, मग परत पाठवणार. म्हणजे लुटला गेला तो आणि भीती पण त्यालाच. त्याचं मत नाही, त्याचा नगरसेवक नाही, दोन आठवड्यांनी तो तिथं असणारही नाही, कोण भांडणार त्याच्यासाठी?

गंमत अशी की कागदावर मेक्सिकोचा कायदा लै चांगला आहे. २००८ मधेच विनापरवाना येणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. २०११ च्या स्थलांतर कायद्यात लिहिलंय की कागद असोत नसोत, दवाखाना आणि शाळा नाकारायची नाही. मदत करणाऱ्या संस्थांच्या निवाऱ्यात शिरून इमिग्रेशनवाल्यांनी कागद तपासायचे नाहीत. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट, ज्याच्यावर वाटेत गुन्हा घडला त्याला मानवतेच्या कारणावरून राहायचा परवाना मिळू शकतो, म्हणजे तक्रार करणाऱ्याला हाकलायचं नाही. हे झालं पुस्तकातलं. मार्च २०२३ मधे सिउदाद हुआरेसच्या इमिग्रेशन कोठडीत आग लागली, ४० माणसं गेली, आणि सीसीटीव्हीत दिसतं की कोठडीला कुलूप आहे, धूर भरतोय आणि तिथले कर्मचारी कुलूप न उघडता निघून चाललेत. चांगल्या कायद्याच्या देशात!

मग तिथं टिकतं काय तर माणसं. व्हेराक्रूझ राज्यात ला पॅत्रोना म्हणून गाव आहे, आपल्यासारखाच उसाचा पट्टा. तिथनं जी मालगाडी जाते तिच्या टपावर बसून हे लोक उत्तरेकडं जातात, ‘ला बेस्तिया’ म्हणतात तिला, म्हणजे जनावर. १९९५ पासून त्या गावातल्या बायका भात, राजमा, टॉर्टियाच्या पिशव्या भरून रुळाकडेला उभ्या राहतात आणि धावत्या गाडीतल्यांच्या हातात देतात. २०१३ ला त्यांना देशाचा मानवी हक्क पुरस्कार मिळाला. पुरस्कार दिला की सरकारला आपण पण काहीतरी केल्यासारखं वाटतं, ते जाऊ दे.

आणि सगळा दोष मेक्सिकोला देऊनही चालत नाही. २०१९ च्या मे अखेरीस ट्रम्पनी ‘या लोकांना अडवा, नाहीतर तुमच्या मालावर टॅरिफ लावतो’ अशी धमकी दिली आणि जूनमधे मेक्सिकोनं आपलं नॅशनल गार्ड नावाचं दल सीमेवर उभं केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे मेक्सिकोनं एका विमानात ३११ भारतीय दिल्लीला परत पाठवले. युरोपनं पण २०१६ ला तुर्कस्तानशी, २०२३ ला ट्युनिशियाशी हेच केलं, पैसे घ्या आणि माणसं तुमच्याकडंच अडवा. फेब्रुवारी २०२५ मधे तर अमेरिकेनं वेगवेगळ्या देशांतली २९९ माणसं थेट पनामात नेऊन सोडली, त्यात भारतीय पण होते. हॉटेलात कोंडलेले, खिडकीच्या काचेवर मदत मागणारे कागद धरलेले, ते फोटो आठवत असतील. श्रीमंत देशाला आपल्या दारात रडारड नको, म्हणून ती वाटेतल्या देशात भाड्यानं ठेवायची.

कुठल्याही देशाला माणूस परत पाठवायचा अधिकार आहे, ते मला मान्य आहे. पण आधी त्याचं ऐकून घ्या, त्याच्या भाषेत दुभाषा द्या, पोरांना कोठडीत ठेवू नका, आणि जिथं जिवाला धोका आहे तिथं ढकलू नका. एवढं मागणं म्हणजे सीमा उघड्या टाका म्हणणं नव्हे, प्लीज.

आपला देश तरी कुठं पुढं आहे, १९५१ च्या निर्वासित करारावर सही नाही, स्थलांतरित कामगारांच्या १९९० च्या करारावर पण नाही. आणि देशाचं सोडा, आपल्या शिवारात दरवर्षी बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आगाऊ उचल घेतलेली, कोपीत म्हणजे झोपडीत राहणारी, मतदार यादीत नाव तिकडं आणि महिनोन्महिने काम इकडं. परदेशी नाहीत, कागद आहेत, तरी अवस्था बरीचशी तीच. मुकादमानं मारलं तर त्या टोळीतली बाई नेमक्या कुठल्या पोलीस ठाण्यात जाणार आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावर ती गावी गेली की केसच्या तारखांना कोण येणार, हे कुणी वकील मित्र नीट सांगू शकला तर कॉमेंटमधे लिहा, मला खरंच पाहिजे आहे.