एक लाख लुमेनची बॅटरी आणि रात्रीचं दारं धरणं

गावाकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "रात्री पाणी भरायला जाताना हीच बॅटरी न्या. 1,00,000 लुमेन, 2 किलोमीटर फोकस, 9900 एमएएच सेल, पाच मोड. स्ट्रोब लावला की बिबट्या पळालाच. फक्त 599 रुपये." आमच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात रात्रीची लाईट आली की माणसं उसात दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी फिरवायला, निघतात. पायाखाली घोणस असू शकते, उसाच्या कडेला बिबट्या. त्या माणसाच्या भरवशाची वस्तू खोट्या आकड्यांवर विकली जाते याचा मला राग येतो, म्हणून हा एकेक आकडा तपासून पाहू.

दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप म्हणजे लुमेन. गाडीच्या हॅलोजन हेडलाईटचा एक बल्ब अप्परला दीड हजार लुमेनच्या थोडा पुढे जातो. मग एक लाख म्हणजे असे साठ बल्ब एका मुठीत! चांगला एलईडी एका वॅटला दीडशेच्या आसपास लुमेन देतो. त्या हिशेबाने साडेसहाशे वॅट लागतील, घरातला मिक्सर चालतो तेवढे. ते एका बोटाएवढ्या सेलमधून येणार कुठून?

आणि तो सेलही खोटाच. एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप. अशा बॅटऱ्यांत बहुधा 18650 मापाचा सेल असतो, 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब. या मापात चांगल्यातला चांगला सेल साधारण 3500 एमएएचचा मिळतो. आमच्या आप्पांनी अशीच एक बॅटरी मागवली होती. तासाभरात ती मिणमिणायला लागली, तेव्हा मागचं झाकण फिरवून मी सेल काढला आणि किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला. 28 ग्रॅम. खरा 18650 साधारण पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास किंवा पुढे भरतो. वर मात्र मोठ्या अक्षरात 9900 छापलेलं. असला सेल रात्रभर चार्जिंगला लावून त्याच्याजवळ झोपू नका, लिथियमचा सेल बिघडला तर पेट घेतो.

"2 किलोमीटर फोकस" हा दावा जास्त फसवा आहे, कारण पल्ला खरा असला तरी तो आपल्या कामाचा नाही. एएनएसआय एफएल-1 या मापपद्धतीत उजेड पाव लक्सवर (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप), म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तिथवरचं अंतर पल्ला म्हणून धरतात. पल्ला दुप्पट करायचा तर झोताची तीव्रता चौपट लागते: 200 मीटरला 10,000 कँडेला (तीव्रतेचं माप), 2 किलोमीटरला 10 लाख. हे साधायला झोत अगदी बारीक करावा लागतो. मग लांबच्या झाडावर रुपयाएवढा लख्ख ठिपका पडतो आणि पाऊल टाकायची जागा अंधारात राहते. घोणस पाचोळ्यात पाचोळ्यासारखीच दिसते. ती दिसायला पायापुढच्या दोन-तीन मीटरवर पसरलेला, सारखा उजेड हवा, आणि तो निळसर पांढरा नको. निळसर उजेडात तपकिरी रंगाच्या छटा एकमेकींत मिसळून जातात.

आता स्ट्रोब, म्हणजे झपाझप लुकलुकणारा उजेड. लुकलुकत्या उजेडात आपल्यालाच नीट दिसत नाही, बिबट्या हलला की उभाच आहे हेही कळत नाही. बिबट्या समोर आला तर स्थिर झोत ठेवा, मोठ्याने बोला, पाठ न फिरवता हळूहळू मागे या, पळू नका. मिरगी असलेल्या काहींना तर अशा लुकलुकीने झटका येऊ शकतो. त्यातून स्वस्त बॅटरीत मंद उजेड मिळवायचा तर बटण दाबत दाबत स्ट्रोब आणि एसओएस (मदतीच्या इशाऱ्याची लुकलुक) ओलांडून जावं लागतं, नेमकं पाय चिखलात असताना.

मोड असावेत, पण खालचे. सगळ्यात मोलाचा मोड म्हणजे रात्रभर टिकणारा मंद उजेड. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, लख्ख झोत एका क्षणात ते घालवतो. फुल्ल उजेड चांगल्या बॅटरीतही तापल्यामुळे दोन-चार मिनिटांत कमी होतो, तो दोष समजू नका. झूमची सरकती काच मात्र टाळा, तिथून पाणी आत शिरतं. खोक्यावर आयपीएक्स 7, म्हणजे पाण्यात पडली तरी थोडा वेळ तगते अशी खूण, लिहिलेलं पाहून घ्या.

आप्पांकडे आता 1,000 लुमेनची, 21700 मापाच्या 5000 एमएएच सेलची बॅटरी आहे. ते ती शंभर लुमेनवर ठेवतात, कमरेजवळ धरून पाटाच्या कडेने चालतात, आणि एका चार्जिंगमध्ये पाण्याच्या दोन पाळ्या निघतात. जादा सेल प्लास्टिकच्या डबीत, खिशातल्या चाव्यांपासून वेगळा, म्हणजे शॉर्ट होत नाही. बटण दाबून धरलं की थेट फुल्ल लागतो. कडेचा ऊस हलला की ते तेवढ्यापुरता तो मारतात, डोळे चमकतात का पाहतात, आणि पुन्हा उजेड पायापुढे आणतात.