इमर्जन्सीच्या फेऱ्या का घटतात: एका आक्षेपाला उत्तर

तुमचे आक्षेप दोन. अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेने (व्हीए) बेघरांसाठी वेगळी ‘एच-पॅक्ट’ उपचार-पथकं काढली आणि त्यांच्या रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागातल्या फेऱ्या घटल्या. पण माणूस या पथकांकडे येतो तोच तब्येत पार ढासळल्यावर, मग पुढे फेऱ्या कमी होणारच. शिवाय, नेहमीच्या दवाखान्यात त्यांची सोय का होऊ नये?

पहिल्या आक्षेपात दम आहे. 2016 साली आलेल्या 33 केंद्रांच्या अभ्यासात 3,543 रुग्णांचा इमर्जन्सीचा वापर 19 टक्क्यांनी आणि रुग्णालयात दाखल होणं 34.7 टक्क्यांनी घटलं. तुलना मात्र त्याच रुग्णांची, पथकात येण्याआधीची आणि नंतरची. त्यातून व्हीएबाहेरच्या रुग्णालयातली फेरी व्हीएच्या नोंदीत येईलच असं नाही. म्हणून सगळी घट पथकांच्या खात्यावर मांडू नये, हे मान्य. पण त्याच अभ्यासात चांगली कामगिरी करणाऱ्या केंद्रांत तीन गोष्टी ठळक होत्या: रुग्णांच्या मानाने जास्त कर्मचारी, उपचारांतच गुंफलेली सामाजिक मदत आणि बाहेरच्या संस्थांशी थेट संबंध. घट नुसती आपोआप होत असती, तर केंद्राच्या रचनेने एवढा फरक का पडावा?

दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर एका गोळीत आहे. हृदय कमजोर झालेल्याला सकाळी फ्युरोसेमाइड (अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारं औषध) दिलं, की पुढचे काही तास सारखी लघवी होते. निवाऱ्यातून सकाळी बाहेर पडावं लागतं आणि स्वच्छतागृह जवळ नसतं. माणूस गोळी टाळतो, अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, धाप लागते आणि अँब्युलन्स बोलवावी लागते. केसपेपरवर शेरा पडतो, ‘औषध घेत नाही’. दिवस कुठे जातो हे आधी विचारलं, तर स्वच्छतागृह हाताशी असेल तेव्हाची वेळ त्या गोळीला देता येते.

इन्सुलिनचंही तेच. ग्लार्जिन या दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनची उघडलेली कुपी 30 अंशांच्या आत 28 दिवस चालते, न उघडलेल्या साठ्याला फ्रिज लागतो. म्हणून माणसाजवळ एकच कुपी द्यावी, बाकीचा साठा दवाखान्यात ठेवावा. आणि पुढच्या जेवणाची खात्री नसताना जेवणाआधीचं जलद इन्सुलिन लिहून देणं म्हणजे साखर एकदम उतरून इमर्जन्सी ओढवून घेणं.

हे सगळं विचारायला वेळ लागतो, आणि तिथेच गाडं अडतं. व्हीएच्या नेहमीच्या पथकात पूर्णवेळ डॉक्टरमागे साधारण 1,200 रुग्ण असतात. बेघरांच्या पथकाकडे त्याहून बरेच कमी ठेवावे लागतात. कागदावर ते रिकामं बसल्यासारखं दिसतं, मग रुग्ण वाढवले जातात, समाजसेविकेला दुसरीकडे हलवतात, अपॉइंटमेंटशिवाय येण्याचे तास घटतात. घड्याळ आणि फोन नसलेल्या माणसाला दार बंद दिसलं, की चोवीस तास उघडी असते ती फक्त इमर्जन्सी.

तेव्हा पुढचा अभ्यास वाचताना फेऱ्यांची बेरीज बाजूला ठेवा आणि कारणं वेगळी काढा: किती जण धाप लागून आले, किती साखर उतरून, किती जखम चिघळून. छातीत कळ आल्यावर तातडीने आलेली फेरी कमी व्हायला नकोच आहे.