भुसावळच्या उन्हाचं खापर न्यूट्रॉन ताऱ्यावर

रावेर-यावलकडच्या केळीभावाच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'हर्क्युलिस एक्स-१ या ताऱ्याचं चुंबकत्व पृथ्वीच्या लाखो कोटी पट आहे. ते रक्तातलं लोह ओढतं. त्याच्या एक्स-रेमुळेच खान्देश तापलाय. रात्री अंगणात झोपू नका.' खाली एका भाऊंचं उत्तर: 'तिथे जाऊन मोजलं कोणी? सगळ्या थापा.' चूक दोघांचीही, पण मला जास्त खटकलं ते उत्तर.

मोजलंय, तेही इथूनच. हर्क्युलिस एक्स-१ हा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला अतिघट्ट गाभा; तो शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो. तो वायू चुंबकीय ध्रुवांवर आदळून कोट्यवधी अंश तापतो आणि एक्स-रे फेकतो. एवढ्या जबर क्षेत्रात इलेक्ट्रॉनला वाटेल तेवढी ऊर्जा घेता येत नाही, ठरावीक पायऱ्यांनीच चढावं लागतं. नेमक्या त्या पायरीएवढ्या ऊर्जेचे एक्स-रे वाटेतच अडतात आणि वर्णपटात, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती एक्स-रे येतात त्या आलेखात, खाच पडते. एक लाख कोटी गाउसला (गाउस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) सुमारे ११.६ केव्ही (हे ऊर्जेचं एकक), असा तो हिशोब. जर्मन खगोलशास्त्रज्ञ योआखिम ट्रुम्पर यांच्या चमूने १९७६ मध्ये बलूनवरच्या उपकरणाने ही खूण पकडली. खाच ४० केव्हीच्या आसपास आहे; ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणातून सुटताना घटलेली ऊर्जा धरली, तर क्षेत्र निघतं सुमारे चार लाख कोटी गाउस. पृथ्वीचं जेमतेम अर्धा गाउस. मेसेजमधला आकडा तेवढा खरा!

१९९६ नंतरच्या दीडेक दशकात ही खाच काही केव्हींनी खाली सरकली. म्हणून आकडा खोटा ठरत नाही. खाच पडते ती जागा पृष्ठभागापासून जरा वर, जिथे क्षेत्र थोडं कमी असतं तिथे गेली, तरी असंच दिसेल.

आता लोह. असं क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं. ताऱ्यापासून दोन लाख किलोमीटरवर, म्हणजे इथून चंद्राच्या निम्म्या वाटेएवढ्या अंतरावर, ते पृथ्वीच्या क्षेत्राइतकंच उरेल. तारा आहे सुमारे वीस हजार प्रकाशवर्षं लांब. आणि रक्तातलं लोह काही खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही. १५,००० गाउसच्या एमआरआयमधून माणसं धडधाकट बाहेर येतात.

एक्स-रे तर वातावरणच गिळतं. म्हणून बलून लागला, म्हणून आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह २०१५ मध्ये ६५० किलोमीटरवर सोडावा लागला. भुसावळ तापतं ते समुद्र लांब, हवा कोरडी आणि मे महिन्यात सूर्य डोक्यावर म्हणून. अंगणात खुशाल झोपा, मच्छरदाणी तेवढी लावा.