वीस तास म्हणजे वीसच तास

ब्रिटनमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी निघालेल्या माझ्या भाचीने परवा एक संदेश मला पुढे पाठवला आणि खाली विचारले, "मामा, हे खरे आहे ना?" संदेशातील दावे असे: विद्यार्थ्यांवरची आठवड्याला वीस तासांची मर्यादा ही सरासरी असते, रोखीने मिळालेली मजुरी तिच्यात धरली जात नाही, ॲपवरून जेवण पोचवणे हा स्वतःचा व्यवसाय असल्यामुळे त्याला मर्यादाच नाही, उन्हाळ्यात तीन महिने पूर्णवेळ काम करता येते, आणि एवढे केले की शुल्क आपोआप भरून निघते. हाच संदेश यापूर्वी चार ठिकाणांहून आला होता आणि मी तो पुसून टाकला होता. आता उत्तर देणे भाग आहे.

सरासरीचा मुद्दा लगेच निकालात निघतो. ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांत विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे आणि ते कोणालाही वाचता येते. विद्यापीठात पदवी किंवा त्यापुढचे शिक्षण घेणाऱ्याला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला 20 तास, तर त्याखालच्या अभ्यासक्रमांना 10 तास काम करता येते. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. या आठवड्यात 12 आणि पुढच्या आठवड्यात 28 तास काम केले, तर सरासरी वीस येते हे खरे, पण दुसऱ्या आठवड्यात नियम मोडलेलाच असतो. दोन ठिकाणी काम असेल तर तासांची बेरीज होते, आणि बिनपगारी कामही त्यात धरले जाते.

रोखीच्या मजुरीविषयी काय बोलावे? नियम काम मोजतो, पैसे कोणत्या हाताने दिले ते नाही. बेकायदा काम करणे हा 2016 च्या कायद्यापासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यातून मिळालेली मजुरी जप्त होऊ शकते. मालकाला पहिल्याच वेळी प्रत्येक कामगारामागे 45,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. एवढा धोका पत्करून रोखीने राबवून घेणारा मालक किमान वेतन देईल, ही अपेक्षा भाबडी आहे. आणि त्याने पैसे बुडवले तरी तक्रार करायची हिंमत राबणाऱ्या विद्यार्थ्याला होणार नाही, हे मालकाला पक्के ठाऊक असते.

सर्वांत घातक मुद्दा जेवण पोचवण्याचा आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे आणि त्या अर्ध्यावरून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा आहे. असे काम हा बहुधा स्वयंरोजगार असतो, हे मी नाइलाजाने मान्य करतो. जेवण पोचवणाऱ्या डिलिव्हरू या ॲप-कंपनीचे स्वार सामूहिक वाटाघाटींच्या, म्हणजे संघटनेमार्फत मालकाशी बोलणी करण्याच्या, हक्कापुरते तरी नोकरीच्या नात्यात मोडत नाहीत, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये दिला. परंतु विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मुळातच बंदी आहे. म्हणजे 'ही नोकरी नाही, व्यवसाय आहे' हा बचाव नसून कबुलीजबाब आहे. वीस तास सोडा, एक तासही चालत नाही. काही जण यावर दुसऱ्याचे ॲपवरचे खाते भाड्याने घेण्याचा तोडगा सुचवतात. तो दुसऱ्याच्या नावाने वावरण्याचा प्रकार आहे आणि पकडले गेल्यास व्हिसा रद्द होण्याची वेळ येते.

शुल्काचा हिशेब संदेश लिहिणाऱ्याने केलेलाच दिसत नाही. एप्रिल 2025 मध्ये 21 वर्षे पूर्ण झालेल्यांचे किमान वेतन ताशी 12.21 पौंड झाले. वर्षाचे 52 आठवडे, एकही सुट्टी किंवा आजारपण न घेता, वीस तासांप्रमाणे काम केले तरी त्या दराने 12,698 पौंड होतात, आणि त्यातूनच घरभाडे, प्रवास आणि जेवण भागवायचे असते. शिवाय व्हिसा मागतानाच पहिल्या वर्षाचे शुल्क आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च हाताशी असल्याचे दाखवावे लागते. तिथे जाऊन कमावू, हे उत्तर त्या अर्जात चालत नाही.

राहिला उन्हाळा. सुट्टीत पूर्णवेळ काम करता येते, हे खरेच आहे, पण सुट्टी कोणती हे कॅलेंडर नव्हे, अभ्यासक्रम ठरवतो. एक वर्षाच्या मास्टर्समध्ये उन्हाळा बहुधा प्रबंधाचा काळ असतो आणि तो सत्रातच मोडतो. भाचीला प्रवेशपत्र काढून पाहायला सांगितले. त्यावर अभ्यासक्रमाच्या तारखा सप्टेंबर ते सप्टेंबर अशा होत्या, आणि सोबतच्या वेळापत्रकात जून ते ऑगस्टच्या रकान्यात एकच शब्द होता: प्रबंध.